पाच पावलांवरची टर्की आणि कापडात रुतलेला बाण : धनुष्याने शिकार करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येकडील व्हर्नन काउंटीत माझ्या शेजाऱ्याच्या मामांचे दुभत्या गाईंचे शेत आहे आणि गेली अकरा वर्षे एप्रिल-मे महिन्यांत आम्ही दोन कुटुंबे तिथे रानटी टर्कीच्या शिकारीला जातो. आमच्याबरोबर दरवर्षी एखादा तरी नवखा असतो. कधी कुणाचा भाचा, कधी मंडळातला मित्र, कधी माझा मेहुणा. माणूस दरवर्षी बदलतो, चुका मात्र त्याच असतात, आणि त्या समजावून सांगताना माझा आवाज दरवर्षी थोडा अधिक चढतो, म्हणून या वेळी त्या लिहूनच काढतो आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या घरांतून शिकारीची परंपराच संपली, ती संपली हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हे सर्व वयाच्या पस्तिशीत, व्हिडिओ पाहून शिकावे लागते आणि व्हिडिओत चार तासांची वाट चार सेकंदांत कापलेली असते.

पहिली चूक घरामागच्या अंगणातच होते. नवखा माणूस उभा राहून, वीस यार्डांवरच्या लक्ष्यावर, टीशर्ट घालून सराव करतो. प्रत्यक्षात तो एका बुटक्या स्टुलावर, जाड जाकीट घालून, गुडघे दुमडून, अंधाऱ्या, लपायच्या तंबूत बसलेला असतो आणि पक्षी सहा यार्डांवर असतो. बसल्यावर कंपाउंड धनुष्याचे, म्हणजे दोन्ही टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याचे, खालचे चाक मांडीला किंवा स्टुलाच्या कडेला लागते, बाहीत प्रत्यंचा अडकते आणि उभ्याने सहज ओढले जाणारे ओढीचे साठ पौंड अचानक जड होतात. मी मार्चपासून त्याच स्टुलावर, त्याच जाकिटात सराव करतो आणि पहिले दहा बाण पाच यार्डांवरून मारतो, कारण इतक्या जवळून बाण निशाणाच्या खूप खाली लागतो हे बहुतेकांना ठाऊकच नसते. आपली दृष्टीरेषा बाणाच्या तीन-चार इंच वरून जाते आणि बाणाला तिच्यापर्यंत वर यायला अंतरच मिळालेले नसते. तीन-चार यार्डांवर वीस यार्डांची पिन, म्हणजे धनुष्यावरची त्या अंतरासाठीची नेमाची खूण, लावून मारलेला बाण थेट पायांकडे जातो. कोणत्या अंतरावर कोणती पिन धरायची, हे प्रत्येकाने आपापल्या धनुष्यावर तपासून कागदावर लिहून ठेवावे.

हीच तीन-चार इंचांची गोष्ट माझ्या मेहुण्याला फार महागात पडली.

तो शेजारच्या इलिनॉय राज्यात, नेपरव्हिलला राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याने रीतसर प्रशिक्षण पूर्ण केले, बाहेरच्या राज्यातल्या रहिवाशाचा परवाना काढला आणि दुसऱ्या आठवड्याच्या मुदतीत आमच्याकडे आला. पहाटे सव्वाचारला आम्ही कुरणाच्या कडेला तंबू लावला. या लपणीच्या तंबूला इथे ब्लाइंड म्हणतात. मी त्याला म्हणालो, "अरे, खिडकीची कड आणखी एक वीत खाली घे." तो म्हणाला, "दाजी, मला सगळं स्पष्ट दिसतंय, उगाच उजेड आत कशाला घ्यायचा?" त्याचे उत्तर अर्धे बरोबर होते, कारण उजेड आत येऊ देऊ नये हे मीच त्याला आदल्या रात्री तीनदा सांगितले होते. सहाच्या सुमारास ओढ्यापलीकडच्या रातथाऱ्यावरून दोन नर उतरले, साडेसहाला त्यांतला एक, छातीवर वीतभर दाढी, म्हणजे राठ पिसांचा लोंबता झुबका, असलेला, आमच्या नकली पक्ष्याशी भांडायला सरळ चालत आला. पाच पावलांवर तो पाठमोरा झाला. मेहुण्याने अगदी शांतपणे धनुष्य ओढले, पिन स्थिरावली, बाण सुटला आणि टरकन आवाज झाला. पक्षी दोन उड्या मारून थांबला, मान उंच करून आमच्याकडे पाहिले, आणि तुटक असे पट्-पट् करत झाडीत निघून गेला. बाण खिडकीच्या खालच्या कापडातून गेला होता, त्यात त्याच्या टोकाची मिटलेली पाती उघडली होती आणि तो तंबूच्या बाहेर दीड हातावर जमिनीत तिरका उभा होता. मेहुणा बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "पण दिसत तर होता हो स्पष्ट." दिसणारच, कारण डोळा वर होता आणि बाण खाली.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. तंबू लावून बसल्यावर, उजाडण्याआधी, समोर कुणी नाही याची खात्री करून, मी धनुष्य पूर्ण ओढून तसाच थांबतो आणि शेजारी बसलेला माणूस लाल प्रकाशाच्या बॅटरीने बाजूने पाहतो. बाणाचे टोक आणि कापडाची कड यांच्यात चार बोटे अंतर असले पाहिजे. ज्या ज्या दिशेने पक्षी येऊ शकतो त्या प्रत्येक दिशेला हे करायचे आणि मग बाण न सोडता प्रत्यंचा सावकाश परत सैल करायची. यात तीन मिनिटे जातात. ती तीन मिनिटे वाचवणाऱ्यांचे तंबू मी पावसाळ्याआधी शिवून देत नाही. खिडकीच्या जाळीतून बाण मारणार असाल, तर उघडणाऱ्या पात्यांऐवजी पक्क्या पात्यांचे टोक लावा, कारण जाळीला लागून पाती आधीच उघडू शकतात.

उजेडाबद्दलही एकदाच सांगतो. टर्कीला वास जवळजवळ येत नाही, पण तिचे डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला जवळपास पाऊण वर्तुळ दिसते आणि रंगही उत्तम ओळखता येतात. तंबूच्या मागची खिडकी उघडी राहिली, तर तुमची काळी सावली तिला समोरून स्पष्ट दिसते. मागच्या खिडक्या बंद ठेवायच्या, आत काळे कपडे घालायचे आणि चेहरा व हात झाकायचे. महागडे जंगली नक्षीचे जाकीट काळ्या तंबूच्या आत काहीही कामाचे नाही, तरी ते विकत घेण्याचा उत्साह दरवर्षी कुणाला तरी येतोच.

आता डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, याविषयी. बंदुकीच्या शिकारीचे व्हिडिओ पाहून आलेला माणूस तो वीस-पंचवीस यार्डांवर नेऊन ठेवतो. बंदुकीचे छर्रे चाळीस यार्डांवर काम करतात. धनुष्याचे तसे नाही. शिवाय बराचदा नर नकली मादीपाशी येतच नाही, दूरच थांबून तीच आपल्याकडे येईल अशी वाट पाहतो, कारण निसर्गात मादीनेच त्याच्याकडे जायचे असते. वीस यार्डांवर ठेवलेल्या मादीच्या पलीकडे पंधरा यार्डांवर तो पिसारा फुलवून अर्धा तास फिरत राहतो आणि आपण धनुष्य मांडीवर ठेवून पाहत बसतो. माझी मादी सहा पावलांवर असते आणि एक वर्षाचा तरुण नर, ज्याला इथे जेक म्हणतात, तिच्या शेजारी. जेकचे तोंड तंबूकडे ठेवायचे. म्हातारा नर त्याला धमकवायला समोरासमोर येतो, म्हणजे जेक आणि तंबू यांच्या मधे, आपल्याकडे पाठ करून. त्या क्षणी त्याचा स्वतःचाच उघडलेला पिसारा त्याच्या डोळ्यांआड येतो. धनुष्य ओढण्याची वेळ तीच. डोके दिसत असताना ओढू नका, मग तो कितीही जवळ असो. आणि घाईने फार आधीही ओढू नका. पूर्ण ओढीत वजन हलके होते हे खरे, पण चार मिनिटे धरून पाहा म्हणजे खांदा काय म्हणतो ते कळेल.

नेम कुठे धरायचा, याबद्दल मात्र मी स्वतःचीच चूक सांगणार आहे. माझ्या पहिल्या वसंतात एक मोठा नर बारा यार्डांवर पिसारा फुलवून आडवा उभा राहिला. मी त्याच्या मध्यभागी नेम धरला. पिसे फुलवलेली टर्की दुप्पट आकाराची दिसते आणि तिचे हृदय-फुप्फुस असलेले मर्मस्थान जेमतेम मुठीएवढे असते, हे मी वाचले होते, पण वाचणे आणि पहाटे सहाला हात थरथरत असताना आठवणे वेगळे. बाण पिसांतून आणि छातीच्या मांसातून पार गेला. पक्षी उडाला, दरी ओलांडली आणि पलीकडच्या ओकच्या रानात उतरला. शेजारी, त्याची दोन मुले आणि मी दुपारी एकपर्यंत ते रान हातभर हातभर धुंडाळले. हरणाप्रमाणे रक्ताचा माग मिळत नाही. पिसे रक्त शोषून घेतात. आम्हाला मूठभर पिसे मिळाली आणि पक्षी मिळाला नाही. परतताना गाडीत कुणी बोलले नाही. मामांनी चहा पुढे करून इतकेच विचारले, "उडताना पाहिलंस ना, पाय लटकत होते का?" पाय लटकत असतील तर घाव वर्मी लागलेला असतो. मी पाहिले नव्हते. मी आनंदाने शेजाऱ्याकडे वळलो होतो.

हरणाच्या शिकारीतून आलेले लोक खांद्यामागे खाली नेम धरतात. टर्कीत तिथे फक्त छातीचे मांस असते. आडव्या पक्ष्यात पायांची रेघ वर न्यायची आणि पंख जिथे अंगाला जोडला आहे तिथे, किंचित मागे, नेम धरायचा. मर्मस्थान आपल्याला वाटते त्याहून वर आणि मागे असते. पाठमोरा असेल तर पिसाऱ्याच्या बुडाशी, मधोमध. समोरून असेल तर छातीवरची दाढी जिथे उगवते त्याच्या जरा वर. पण समोरून मी मारतच नाही. पक्षी फुललेला असताना मी तोंडाने एकच आखूड आवाज काढतो, तो पिसारा मिटून मान उंच करतो, आणि मगच बाण सोडतो. ज्याला एवढा वेळ धीर धरवत नसेल, त्याने अजून एक वर्ष नुसते शेजारी बसून पाहावे. डोके उडवणाऱ्या चार इंची रुंद पात्यांच्या टोकांबद्दल मला दरवर्षी विचारतात. ती टोके खिडकीतून बाहेर पडताना कापडात अडकतात, साध्या बाणावर सरळ उडत नाहीत आणि नवख्याने त्यांच्या नादी लागू नये, एवढे माझे उत्तर असते.

घासून मादीसारखा आवाज काढण्याची पेटी हातात आली की लोक ती दर दोन मिनिटांनी घासतात. नर उत्तर देऊन जवळ येऊ लागला की पेटी खाली ठेवून गप्प बसा.

सुरक्षेबाबत मी कुणाचेही ऐकत नाही. विस्कॉन्सिनमध्ये वसंतातल्या त्याच आठवड्यात, त्याच रानात बंदूकवालेही असतात. नर टर्कीचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते, म्हणून या तीन रंगांचा रुमाल, मोजा, अगदी बनियनची कडसुद्धा अंगावर नको. ऐकू आलेल्या नराच्या दिशेने दबकत जाऊ नका. तो आवाज एखाद्या माणसाचाही असू शकतो. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने हाक मारा. मारलेला पक्षी खांद्यावर टाकून नेताना त्याला नारिंगी कापडात गुंडाळा. मुलांना हे पहिल्या दिवशीच पाठ करून घेतो. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना तिने एका पाहुण्याला लाल टोपी गाडीतच ठेवायला लावली होती, आणि पाहुणा माझा वरिष्ठ होता.

परवान्याची चूक मामुली वाटते, पण ती दंडाची आहे. इथला वसंताचा परवाना एका विभागापुरता आणि सात दिवसांच्या एकाच मुदतीपुरता असतो, तो फक्त नर किंवा दाढी असलेल्या पक्ष्यासाठी असतो, आणि मारलेल्या पक्ष्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत करावी लागते. हे नियम जाचक वाटणाऱ्या मित्रांना मी मामांच्या वडिलांची गोष्ट सांगतो. त्यांनी उभ्या आयुष्याचा मोठा भाग या टेकड्यांत काढला आणि एकही टर्की पाहिली नाही, कारण राज्यातून ती नाहीशी झाली होती. 1976 मध्ये विस्कॉन्सिनने मिसुरी राज्याला रफ्ड ग्राउस पक्षी दिले, बदल्यात रानातून पकडलेल्या टर्की घेतल्या आणि त्या याच व्हर्नन काउंटीत सोडल्या. 1983 मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली.

बाण लागल्यावर आनंदाने ओरडत तंबूची चेन उघडू नका. पक्षी कोणत्या झाडाआड गेला, उडाला की पळाला, पाय लटकत होते का, हे शेवटपर्यंत बघा, आणि जिथे तो दिसेनासा झाला तिथल्या एका खुणेवर बोट ठेवून मगच उठा. आमच्याकडे शेजारी बसलेल्या माणसाचे ते एकमेव काम असते.

आणि शेवटी स्वयंपाकघरातली चूक. बहुतेक नवखे छातीचे मांस काढून पाय टाकून देतात, कारण रानटी टर्कीच्या तंगड्यांतले स्नायूबंध हाडासारखे कडक झालेले असतात. मेहुण्यानेही दुसऱ्या वर्षी, पहिला पक्षी मिळाल्यावर, तेच करायला घेतले होते. माझ्या पत्नीने त्याच्या हातातून तंगड्या घेतल्या, मीठ-हळद लावून कुकरमध्ये सात शिट्ट्या केल्या, सुईसारखे स्नायूबंध एकेक करून ओढून काढले आणि मांसाला कांदा-खोबऱ्याचे वाटण लावले. मामांनी भाकरीऐवजी पावाबरोबर तीनदा वाढून घेतले.