डिटेक्टर घेऊन शेतात उतरण्याआधी

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन महायुद्धांच्या काळातल्या वस्तू शोधायला निघताय, तर पहिली गोष्ट शेतमालकाची लेखी परवानगी. सापडलेलं कोणाचं, हेही त्याच कागदावर ठरवून टाका, नंतरची कटकट वाचते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय डिटेक्टर चालत नाही. लष्करी विमान कोसळलेली जागा खणायलाही १९८६च्या कायद्याने संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो. म्हणून ॲल्युमिनियमचे चुरगळलेले तुकडे एकापाठोपाठ निघू लागले की खोदणं थांबवा.

सामान नेहमीचंच: हेडफोन, पिनपॉइंटर (खड्ड्यात धातू नेमका कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), खुरपं, झिपच्या पिशव्या, पेन. त्यात भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर मात्र हवेतच, कारण सगळ्यात जास्त सापडतात ती काडतुसांची पितळी नळकांडी. बुडाची कड बाहेर आलेली आणि लांबी ५६ मिलिमीटर असेल, तर ब्रिटिश पॉइंट ३०३ बोअरचं काडतूस. कड बाहेर नाही आणि लांबी ५७, तर जर्मन ७.९२ मिलिमीटर बोअरचं असण्याची शक्यता. ९९ मिलिमीटरचं लांबलचक नळकांडं अमेरिकन पॉइंट ५० मशीनगनचं. मग बुडावरचा शिक्का तिरप्या उजेडात वाचा. रोमन सात म्हणजे 'मार्क ७' हा प्रकार, आकडे सालाचे, अक्षरं कारखान्याची: 'आर-एल' लंडनमधल्या वूलिचच्या सरकारी कारखान्याचं, नुसतं 'के' किनॉक कंपनीचं. 'के' आणि 'एफ'च्या मध्ये बाण दिसला तर तो आपल्या खडकीचा माल, १८६९पासूनच्या दारूगोळा कारखान्यातला. इंग्लंडच्या मातीत तो मिळाला तर फोटो नक्की पाठवा!

तोंडाशी गोळी अजून बसलेली असेल तर ते काडतूस जिवंत समजा. ते खिशात टाकायचं नाही, आणि हातबाँब किंवा तोफगोळा तर 'गंजलाय, काय होतंय' म्हणून हलवायचाही नाही. जागेची खूण लक्षात ठेवा, लांब जा, ९९९ला फोन करा. सगळ्यात फसवी होमगार्डची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्वयंसेवक दलाची, ७६ नंबरची आगलावी बाटली. अर्ध्या पाइंटची साधी काच, वर बिअरच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच. डिटेक्टर वाजतो तो त्या बुचामुळे. आत फॉस्फरस. काच फुटून हवा लागली की पेट घेतो. १९४०मध्ये जर्मन उतरतील या धास्तीने अशा बाटल्या बनवल्या, पेट्याच्या पेट्या पुरून ठेवल्या, त्यातल्या काही तशाच राहिल्या. आजही कुठे पाया खणताना निघतात.

गणवेशाची बटणं घरी आणून बघा. त्यांवरच्या राजमुकुटाची कमान वर गोल फुगलेली असेल तर बटण बहुधा १९०१ ते १९५२मधलं; मध्यभागी खाली दबलेली असेल तर राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या काळातलं, म्हणजे महायुद्धानंतरचं. पाठीमागे बनवणाऱ्याचं नाव असतं. ब्रासो (पितळेचं पॉलिश) लावू नका, मुलामा जातो. पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाची ओळखपट्टी डिटेक्टरला सापडेल ही आशा सोडा, ती दाबलेल्या फायबरची असे. जर्मन पट्टी धातूची, लंबगोल, मधोमध तोडता येईल अशी. सोबत हाडं दिसली तर खोदणं तिथेच बंद, पोलिसांना कळवायचं.

पदक मिळालं तर आधी कड वाचा. पहिल्या महायुद्धातल्या पदकावर बहुधा नाव, नंबर, रेजिमेंट कोरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातली मोहिमांची पदकं ब्रिटिश सैनिकांना बिननावाची मिळाली. भारतीय, ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव आहे.