आई-बाबांना पोर्तो रिकोला नेताय? या चुका टाळा

करसवलतीसाठी पोर्तो रिकोला, म्हणजे कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पण राज्य नसलेल्या बेटावर, जायचं ठरलं की मुलगा-सून करसल्लागारासमोर तासन्‌तास बसतात. 2019 च्या अ‍ॅक्ट 60 या तिथल्या करसवलत कायद्यातलं प्रत्येक कलम त्यांना पाठ असतं. आई-बाबांना मिळणाऱ्या सरकारी लाभांचं काय होणार, हे विचारायला मात्र एक फोनही होत नाही. न्यू जर्सीत आपल्या ज्येष्ठांचे फॉर्म भरून देताना मी हे सतत बघते, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे "पोर्तो रिको अमेरिकाच की!" व्हिसा लागत नाही, डॉलर चालतो, टपालही तेच. पण एसएसआय (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना आणि अपंगांना केंद्र सरकारकडून दरमहा मिळणारी मदत) मिळतो तो फक्त 50 राज्यांत, वॉशिंग्टन डीसीत आणि नॉर्दर्न मारियाना बेटांवर. पोर्तो रिकोत नाही, व्हर्जिन आयलंड्समध्येही नाही. सलग 30 दिवस तिथे राहिलं की तो बंद होतो, आणि परतल्यावरही सलग 30 दिवस इथे काढल्याशिवाय सुरू होत नाही. उतारवयात मुलांकडे आलेल्या आपल्या आई-बाबांनी इथे नोकरी केलेली नसते, त्यामुळे सोशल सिक्युरिटीची पेन्शन नाही. नागरिकत्वानंतर मिळालेला एसएसआय हेच त्यांच्या हातातलं स्वतःचं उत्पन्न. 2025 मध्ये ते जोडप्याला महिन्याला जास्तीत जास्त 1,450 डॉलर होतं.

ओळखीच्या एका काका-काकूंना मुलाने सान हुआनला नेलं. पत्ता बदलायचा नाही, पत्रं न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्राकडे येऊ द्यायची, असं त्यानं परस्पर ठरवलं. पैसे खात्यात येत राहिले, म्हणून सगळे निर्धास्त. अहो, पैसे येतात याचा अर्थ ते आपल्या हक्काचे आहेत असा नाही. सोशल सिक्युरिटी ऑफिसला अजून कळलेलं नाही, एवढाच. फेरतपासणीचं पत्र मित्राच्या घरी न उघडता पडून राहिलं. त्यामागून जादा दिलेली रक्कम परत मागणारी नोटीस आली, तीही तशीच. अपिलाला 60 दिवस असतात, ते त्या गठ्ठ्यातच संपले. काकूंनी मला फोनवर विचारलं, "आम्ही चोरी केली का गं?" ज्या मुलाने घाई केली, त्याला हा प्रश्न ऐकावा लागला नाही.

"कोर्टात बघून घेऊ" म्हणणाऱ्यांनी होसे लुइस वाएयो मादेरो यांचा खटला वाचावा. ते 2013 मध्ये न्यू यॉर्कहून पोर्तो रिकोला गेले, एसएसआय चालू राहिला, आणि सरकारने 28,081 डॉलर परत मागितले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला.

तेव्हा आधी कळवा. ज्या महिन्यात मुक्काम हलला, तो संपल्यापासून 10 दिवसांच्या आत सोशल सिक्युरिटी ऑफिसला कळवावं लागतं. मी फोनवर विसंबत नाही. लेखी देते आणि पोच घेते. शिवाय मी सगळ्यांना सांगते, आधी तीन आठवडे आई-बाबांना तिथे नेऊन बघा. 30 दिवसांच्या आत परत आणा. करमलं, उकाडा सोसला, डॉक्टर मिळाला, तर मग बोला. तोवर ज्येष्ठांसाठीचं सवलतीच्या भाड्याचं घर सोडू नका. ते पुन्हा मिळायला वर्षं जातात.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, तिथे चालतं, पण त्यातही एक खड्डा आहे. त्यातल्या पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता (2025 मध्ये महिन्याला 185 डॉलर) बऱ्याच जणांचा न्यू जर्सीच भरत असते. राज्य सोडलं की ते थांबतं, आणि पोर्तो रिकोत तशी योजना नाही. पेन्शन नसेल तर बिल घरी येतं. ते भरलं नाही तर पार्ट बी रद्द होतो, आणि नंतर घ्यायला गेलं की दर पूर्ण 12 महिन्यांच्या खंडामागे 10 टक्के दंड, बहुतेकांना जन्मभर. ज्यांची पासष्टी तिथे होईल त्यांना पार्ट बी आपोआप लागत नाही, स्वतः अर्ज करावा लागतो. अ‍ॅडव्हांटेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर तो भागापुरता असतो. हलल्यावर लगेच बदला.

न्यू जर्सीचं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, सोबत येत नाही. तिथे नव्याने अर्ज करा.

स्नॅप, म्हणजे अन्नखरेदीसाठीची केंद्राची मदत, तीही तिथे नाही. 1982 पासून पोर्तो रिकोची अन्नमदत योजना वेगळी आहे, नियम वेगळे.

बार्बाडोस किंवा डोमिनिकन रिपब्लिकचा विचार असेल तर तिथे मेडिकेअर नाहीच. पेन्शन घेणाऱ्या पण नागरिकत्व नसलेल्यांनी सलग सहा पूर्ण महिने अमेरिकेबाहेर राहण्याआधी आपली पेन्शन चालू राहील का, हे लेखी विचारून घ्यावं. परदेशातल्या पत्त्यावर सोशल सिक्युरिटीची प्रश्नावली येते. ती भरून पाठवली नाही तर पैसे थांबतात. म्हणून पत्ता आई-बाबा जिथे राहतात तिथलाच द्या, मित्राचा नको.