सोफिया गुबायदुलिना यांचे संगीत ऐकायला कोठून सुरुवात करावी

रशियन संगीतकार सोफिया गुबायदुलिना (१९३१–२०२५) यांच्या रचनांपाशी पाश्चात्त्य अभिजात संगीताची बऱ्यापैकी सवय असलेला श्रोताही अडखळतो, कारण तो गुणगुणता येईल अशी चाल शोधत असतो आणि ती सहसा हाती लागत नाही. त्यांच्या संगीतात वाद्ये काहीतरी करत असतात: एकमेकांना छेदून जातात, स्वर सोडून देतात, श्वास घेतात. ही कृती कानाने पकडली की वाट सापडते, आणि पुढचा क्रम त्याच दृष्टीने सुचवला आहे.

सुरुवात ‘इन क्रोचे’ (म्हणजे ‘क्रूसावर’, १९७९) या चेलो आणि चर्चमधल्या पाइप ऑर्गनसाठीच्या रचनेने करावी. आरंभी ऑर्गन अगदी वरच्या सप्तकात झगमगत असतो आणि चेलो खालच्या एका स्वराभोवती घुटमळत राहतो; मग चेलो वर सरकू लागतो, ऑर्गन खाली उतरतो, वाटेत दोघे एकमेकांना ओलांडतात आणि शेवटी जागांची अदलाबदल झालेली असते. क्रूसाची आकृती इथे स्वरांच्या वाटचालीने काढलेली आहे. पहिल्यांदा केवळ चेलोचा माग काढावा, दुसऱ्यांदा ऑर्गनचा, आणि तेही शांत खोलीत, कारण हळुवार जागा रहदारीच्या आवाजात हरवतात.

त्यानंतर ‘दे प्रोफुंडिस’ (१९७८) घ्यावे. ते बायान या रशियन बटणांच्या अकॉर्डियनसाठी, फ्रिडरिख लिप्स या वादकासाठी लिहिलेले आहे. बायान आणि आपली पेटी दोन्ही भात्याच्या हवेने कंपणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर वाजतात, त्यामुळे पेटी जवळून ऐकलेल्या मराठी कानाला हा नाद परका वाटणार नाही. एरवी वादक भात्याचा आवाज लपवतो. गुबायदुलिना मात्र सूर न उमटवता नुसती हवा सोडायला लावतात आणि वाद्य अक्षरशः धापा टाकते. तो क्षण चुकवू नये.

इथवर आल्यावर थोडे चरित्र वाचावे. रशियातील चिस्तोपोल येथे जन्म, तातार वडील, कझानमध्ये बालपण आणि शिक्षण, नंतर मॉस्को कॉन्झर्व्हेटरी. १९५९ मध्ये ज्येष्ठ सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच यांनी त्यांना, इतरांना ‘चुकीची’ वाटणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या वाटेनेच पुढे जाण्यास सांगितले. १९७० मध्ये त्यांनी ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा घेतला. १९७९ मध्ये सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात त्यांच्यावर जाहीर टीका झाली. चरितार्थ चालत होता तो चित्रपटसंगीतावर. मोगलीवरील सोव्हिएत ॲनिमेशनपटांचे संगीत त्यांचेच. १९९२ पासून त्या जर्मनीत हॅम्बुर्गजवळ राहिल्या.

आता ‘ऑफरटोरियम’ (म्हणजे ‘अर्पण’) हा व्हायोलिन कॉन्सर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, ऐकावा. माझ्या मते ही त्यांची सर्वांत श्रेष्ठ रचना. व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांच्यासाठी लिहिलेल्या या कॉन्सर्टोचे पहिले वादन १९८१ मध्ये व्हिएन्नात झाले. जर्मन संगीतकार बाखच्या ‘म्युझिकल ऑफरिंग’मधील, प्रशियाच्या राजाने त्याला दिलेली चाल प्रारंभी येते, पण एकेक तुकडा वेगळ्या वाद्याकडे वाटलेली आणि शेवटच्या स्वराआधीच थांबलेली. पुढे ती प्रत्येक खेपेला दोन्ही टोकांचा एकेक स्वर गमावते आणि अखेर जवळजवळ काहीच उरत नाही. उत्तरार्धात ती मधून बाहेर, उलट्या क्रमाने पुन्हा उभी राहते आणि व्हायोलिन स्तोत्रासारखे गाऊ लागते. म्हणून आधी बाखची मूळ चाल चांगली पाठ करावी. जे गळत आहे ते माहीत नसेल, तर त्याग ऐकू येणार नाही. क्रेमर आणि बॉस्टन सिम्फनी वाद्यवृंद यांचे, शार्ल द्युत्वा यांच्या संचालनाखालील ध्वनिमुद्रण निवडावे.

‘श्टिमेन... फेरश्टुमेन’ (१९८६) ही बारा भागांची सिम्फनी मात्र चित्रफितीवरच पाहावी, कारण तिच्या नवव्या भागात वाद्यवृंद गप्प असतो आणि संचालक हवेत केवळ हातांनी लय मांडतो.

स्टुटगार्टमध्ये २००० साली सादर झालेले, ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील ‘योहान पॅशन’ सर्वांत शेवटी ठेवावे. ते दीर्घ आहे आणि गायन रशियन भाषेत आहे. त्यात बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग आणि प्रकटीकरणातील दृष्टान्त एकमेकांत गुंफले आहेत, त्यामुळे भाषांतरित मजकूर समोर ठेवूनच ऐकावे.