गाण्याच्या रिअॅलिटी शोला जाताय? आधी एक सीझन अभ्यासाला घ्या

ऑडिशनच्या तारखा जाहीर झाल्या की माझ्या क्लासमधल्या मुलांचे आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांचे फोन सुरू होतात. "ताई, फॉर्म भरायचा का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. भरा, पण त्याआधी एक अख्खा सीझन अभ्यासाला घ्या. मी स्वतः अशा एका राष्ट्रीय चॅनेलवरच्या स्पर्धेत होते. टीव्हीवर नातेवाइकांनी ओळखावं इतकी पुढे गेले आणि बाहेर पडले. नंतर ऑर्केस्ट्रात गायले, कोरस केला, आता शिकवते. तेव्हा जिंकायचं कसं हे मला विचारू नका. आत गेल्यावर काय काय अंगावर येतं, ते सांगते.

अभ्यासाला मी 'इंडियन आयडल'चा बारावा सीझन देते. नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेला हा सीझन 15 ऑगस्ट 2021 ला संपला, आणि महाअंतिम सोहळा दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत चालला. पवनदीप राजन पहिला, अरुणिता कांजीलाल दुसरी आणि मुंबईची सायली कांबळे तिसरी. मोहम्मद दानिश, निहाल तौरो आणि षण्मुखप्रिया हे अंतिम सहांतले बाकीचे तिघे. मुलं हे भाग आवडीनं बघतात, पण वहीपेन घेऊन कुणी बसत नाही. सहांपैकी एकाला निवडा आणि त्याची सगळी गाणी ओळीनं ऐका. कुठल्या पट्टीत घेतलंय, मूळ गाण्यापेक्षा किती खाली किंवा वर, सुरुवात आलापानं की थेट मुखड्यानं, कुठला अंतरा गाळलाय, शेवट कुठे वर नेलाय, हे सगळं लिहून काढा. गाणं जेमतेम दोन-तीन मिनिटांचं असतं आणि त्यात गळ्याची ताकद दिसेल अशी एखादी जागा हमखास काढलेली असते. ती योगायोगानं येत नाही. वाद्यवृंदाचे अरेंजर, गाणं बसवून घेणारे मार्गदर्शक आणि गायक मिळून ती ठरवतात. शिवाय प्रसारणाआधी आवाजावर मिक्सिंग होतं. म्हणून टीव्हीवरचा आवाज आणि तुमच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग यांची तुलना करून रडत बसू नका.

पवनदीपची गोष्ट नवख्यांना मी मुद्दाम सांगते. उत्तराखंडमधल्या चंपावतचा हा मुलगा, घरात कुमाऊँनी लोकसंगीत, तबल्यापासून गिटार-पियानोपर्यंत बरीच वाद्यं हातात. आणि इथे येण्याआधी, 2015 मध्ये, तो 'द व्हॉइस इंडिया' जिंकलेला होता. म्हणजे एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकूनही काही वर्षांनी त्याला पुन्हा रांगेत उभं राहावंसं वाटलं. यातून दोन गोष्टी कळतात. एक, तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा 'नवा' गायक बऱ्याचदा स्टेजवर मुरलेला असतो. दुसरी जरा कडू आहे: ट्रॉफी मिळाली म्हणून काम मिळत राहतंच असं नाही.

आता ऑडिशन. त्या सीझनला करोनामुळे पहिली चाळणी ऑनलाइन झाली होती. प्रत्यक्ष ऑडिशन असेल तर पहाटेपासून रांग, छातीवर नंबराचं स्टिकर, आणि हॉलभर एकाच वेळी निरनिराळ्या पट्ट्यांत चाललेलं गुणगुणणं. माझी खरी परीक्षा त्या गुणगुणण्यानंच घेतली होती. माझ्या एका बाजूला एक मुलगा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, रियाज करत होता, दुसरीकडे एक मुलगी काळी पाचमध्ये, आणि माझा सा मधल्यामध्ये विरघळून चाललेला. कानात इअरफोन घालून मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर स्वतःची पट्टी लावून ठेवा आणि नंबर पुकारेपर्यंत काढू नका. आत गेल्यावर वाद्य नसतं, सूर द्यायला कुणी नसतं. घाबरलेला माणूस नेहमी वरच्या पट्टीत सुरुवात करतो आणि अंतऱ्याला गळा फाटतो. घरी सराव करताना जिना धावत चढा आणि दम लागलेला असतानाच, तानपुऱ्याशिवाय, थेट मुखडा उचला. मग मोबाइलवर पट्टी तपासा. हा एक सराव महिनाभर केलात तर माझी फी वसूल.

गाणं कुठलं घ्यायचं? त्या वर्षी रील्सवर गाजलेलं तर नकोच. पहिल्या फेरीत चॅनेलची मंडळी सकाळपासून तेच ऐकून कंटाळलेली असतात. पहिल्या वीस सेकंदांत तुमचा आवाज कुठला ते कळलं पाहिजे, म्हणून मोठ्या संथ आलापाचं गाणं टाळा, किंवा सरळ अंतऱ्यापासून सुरू करा. चालतं. वेगवेगळ्या ढंगांची पाच-सहा गाणी पाठ असू द्या, कारण "दुसरं काहीतरी ऐकव" हे वाक्य आलं की समजायचं, यांना अजून ऐकायचंय. एक लोकगीत जवळ ठेवा. मराठी मुलं इथे उगाच लाजतात, हिंदी चॅनेलवर लावणी किंवा गोंधळ कसा गायचा म्हणून. अहो, पंजाबची मुलं बिनधास्त टप्पे म्हणतात.

पुढच्या फेऱ्यांत गाण्याइतकंच बोलायला लावतात. एका खोलीत कॅमेरा, समोर माझ्यापेक्षा लहान एक मुलगी, हातात कागद. "पापा क्या करते हैं?" मी म्हटलं, बँकेत क्लार्क. "और कोई स्ट्रगल?" मी विचार करकरून सांगितलं की लोकलला गर्दी असते. तिचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. नंतर भाग लागला तेव्हा माझं गाणं दाखवलं, बोलणं गायब! ज्यांच्या घरी खरंच कष्ट आहेत त्यांनी ते जरूर सांगावेत, त्यात लाज कसली. पण नाहीत तर शोधून आणू नका. घरातलं काय बाहेर सांगायचं आणि काय नाही हे आई-वडिलांशी आधीच बोलून ठेवा. कॅमेऱ्यासमोर ऐनवेळी ठरवायला गेलात की नको ते तोंडून जातं, आणि एकदा रेकॉर्ड झालं की ते तुमचं राहत नाही.

परीक्षकांच्या कौतुकाचंही असंच. याच बाराव्या सीझनमध्ये किशोरकुमारांवरच्या भागाला त्यांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे होते, आणि आपल्याला स्पर्धकांची स्तुती करायला सांगितलं होतं असं त्यांनी नंतर मुलाखतीत उघड सांगितलं. मोठा गदारोळ झाला. मला त्यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही. टीव्हीवर कौतुक हा कार्यक्रमाचा भाग असतो. परीक्षक उभे राहिले म्हणजे तुम्ही लता झालात असं नाही आणि नुसतं "नाइस" म्हणाले म्हणजे संपलात असंही नाही. तुमच्या गुरूंना गाणं ऐकवा आणि त्यांचंच खरं माना. प्रेक्षक तर त्याहून लहरी. षण्मुखप्रियाच्या यॉडलिंगवर, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली फिरवण्यावर, आधी लोक फिदा होते, पुढे त्याचीच सोशल मीडियावर टर उडवली गेली. तरी ती अंतिम सहांत पोहोचली. शो चालू असताना कॉमेंट्स वाचायचं काम भावाला किंवा बहिणीला द्या.

शारीरिक तयारीकडे कुणी लक्ष देत नाही. शूटिंग दिवसभर चालतं, एसी कडाक्याचा, आणि तुमचं गाणं रात्री उशिराही येऊ शकतं. त्या सीझनचं शूटिंग तर 2021 च्या एप्रिलमध्ये, महाराष्ट्रात निर्बंध लागल्यावर, दमणला हलवलं होतं. म्हणजे घर, कॉलेज, परीक्षा सगळं बाजूला. शेवटच्या वर्षाला असाल तर कॉलेजशी आधी बोला, नोकरी असेल तर बिनपगारी रजेचं विचारून ठेवा. शाल, कोमट पाण्याची बाटली, पोटभरीचा साधा डबा. तिथलं तेलकट खाऊन गळा बसलेले मी पाहिलेत.

कराराबद्दल मात्र मी फार खडूस आहे. पुढच्या टप्प्यावर जाडजूड कागद हातात येतो, इंग्रजीत, आणि सही लगेच हवी असते. घरी न्यायला मागा. ओळखीच्या वकिलाला दाखवा, फी पडली तरी चालेल. किती काळ दुसरीकडे गाता येणार नाही, बाहेरच्या कार्यक्रमांच्या मानधनात वाटा कुणाचा, गायलेल्या गाण्यांवर हक्क कुणाचा, या तीन गोष्टी समजल्याशिवाय सही नको. माझ्याबरोबरच्या एका मुलाला गणपतीतले ठरलेले कार्यक्रम सोडावे लागले, घेतलेले अॅडव्हान्स परत करावे लागले. कागदात सगळं लिहिलेलं होतं, त्यानं वाचलं नव्हतं एवढंच.

बाहेर पडलात तर? अरिजित सिंह 2005 च्या 'फेम गुरुकुल'मध्ये अंतिम फेरीआधीच बाहेर पडला होता. नेहा कक्कर 'इंडियन आयडल'च्या दुसऱ्या सीझनमध्ये स्पर्धक होती, हरली, आणि बाराव्यात परीक्षकाच्या खुर्चीत बसली. ही उदाहरणं सगळेच देतात, मीही देते, पण मधल्या वर्षांत त्यांनी काय केलं ते कुणी विचारत नाही. आपल्यासारख्यांचं वास्तव साधं असतं. टीव्हीवर दिसल्यावर काही महिने फोन येतात, गणपती-नवरात्रात मानधन वाढतं, नवा सीझन आला की नवे चेहरे येतात. त्या काही महिन्यांत आयोजकांचे नंबर नीट साठवा, चांगल्या साथीदारांशी संबंध जोडा, आणि दोन तासांचा स्वतःचा कार्यक्रम बसवून ठेवा. फक्त एका गाजलेल्या गाण्यावर दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही.

फॉर्म भरताना वयाची अट पाहा, जन्मतारीख आधार कार्डावर आहे तशीच लिहा. आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या, बाबांचा नको. पुढच्या फेरीचा फोन अनोळखी नंबरावरून येतो आणि बाबा असे फोन उचलत नाहीत.