कॅनवरचा पळस विटकरी येत होता, तो असा सुधारला

राजेहो, माझं गाव वर्धा जिल्ह्यातलं, म्हणजे दारूबंदीचा जिल्हा, अन् काम आलं बियरच्या कॅनच्या डिझाईनचं! क्लायंट पुण्याचा, म्हणे तुमच्या गावाकडचं काही दाखवा. मी काढला फाल्गुनातला पळस अन् खाली फुटलेली कपाशी (दोन्ही एका वेळी कुठं म्हणाल तर फरदड समजा, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेली कपाशी). स्क्रीनवर एक नंबर, पण सॅम्पल आलं तर पळस पार गंजल्यासारखा अन् कापूस चक्क चांदीचा. कारण साधं, कॅनवरची शाई पारदर्शक, खालचं ॲल्युमिनियम तिच्यातून डोकावते, कागदासारखा पांढरा तिथं आयता नसतो. मग फाईलमध्ये पांढऱ्या शाईचा वेगळा लेयर केला, फक्त फुलं अन् कापसाखाली, फुलांखालचा कडेनं केसभर आत घेतला नाहीतर पांढरी किनार दिसते. विहिरीच्या पाण्याखाली मुद्दाम नाही दिला, तिथं धातूच चमकू दिला. झाडही आडवं पसरलं होतं, गोल कॅनवर समोरून अर्धंच दिसे, ते उभं केलं.

सॅम्पल घरी नेलं, रिकामंच बरं का, तर माय म्हणे, "काहून रे, हा आपल्या धुऱ्यावरचा पळस होय ना?" आता त्यात तिच्या अगरबत्त्या असतात, देवाजवळ नको म्हटलं तर ऐकत नाही.