मे सॉटच्या खानावळीत जेवताना

मोएई नदीच्या अलीकडे थायलंडचे मे सॉट आणि पलीकडे म्यानमारचे म्यावड्डी. दोघांना जोडणारा मैत्री पूल १९९७ मध्ये झाला, पण माणसांची ये-जा त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. त्यामुळे थाई आणि बर्मी असे दोन्ही जेवण एकाच पत्र्याच्या छपराखाली देणाऱ्या खानावळी येथे सहज सापडतात. प्लॅस्टिकची स्टुले आणि दर्शनी फळकुटावर मांडलेली झाकणबंद पातेली पाहून परत फिरू नये. जेवणाची खरी यादी ती पातेलीच असतात.

अशा ठिकाणी पहिला निर्णय वेळेचा असतो. बर्मी रस्से, म्हणजे 'हिन', बहुधा सकाळीच शिजवून ठेवतात आणि कोमटच वाढतात. थाई पदार्थ मात्र मागणी आल्यावर कढईत परततात किंवा खलात कुटतात. म्हणून दुपारी बाराच्या सुमारास गेल्यास पातेल्यांतले घ्यावे, रात्री उशिरा पोहोचल्यास कढईतले मागवावे. मोहिंगा, म्हणजे माशाच्या दाटसर कढणातल्या तांदळाच्या शेवया, हवा असेल तर सकाळीच जावे.

पातेल्यांपाशी जाऊन झाकणे उघडून दाखवायला सांगणे येथे गैर मानत नाहीत. रश्श्यावर तेलाचा जाड थर दिसेल. कांदा, लसूण, आले आणि हळद यांतले पाणी आटून तेल सुटेपर्यंत परतण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. तवंग नको असेल तर चमचा खालून घालावा, एवढेच. माणशी एकच रस्सा सांगावा, कारण भातासोबत पातळ आंबट सूप, कच्च्या भाज्यांचे ताट आणि 'ङापी' बहुधा न मागताच येतात. ङापी म्हणजे मुरवलेल्या मासळीची चटणी. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या माणसाला तिचा वास सुसह्य वाटेल. इतरांनी भाजीचे टोक जेमतेम बुडवून सुरुवात करावी.

'खाउक स्वे' एवढेच मागू नये. मुंबईत ज्याला आपण खाउसुए म्हणतो तो नारळाच्या दुधातला पदार्थ 'ओन नो खाउक स्वे' आहे. नुसते खाउक स्वे म्हणजे केवळ नूडल्स. नुसती 'भाजी द्या' म्हटल्यावर वाढणारा जसा पुढे काय म्हणून पाहत राहील, तसाच हा प्रकार.

एक पदार्थ मात्र चुकवू नये, तो म्हणजे मुरवलेल्या चहाच्या पानांचा 'लफे थोक'. ओलसर, किंचित तुरट, काळपट हिरवी पाने, तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, लसणाचे कुरकुरीत काप, टोमॅटो, कोबी आणि वर पिळलेले लिंबू, हे सारे खाताना एकत्र कालवून घ्यावे, थरांनी खाऊ नये. अखेर हा चहाच आहे, तेव्हा झोप हलकी असणाऱ्यांनी तो रात्री टाळावा.

शाकाहाऱ्यांनी अधिक सावध राहावे. मांस नको म्हटले तरी माशाचे सॉस, थाई 'नाम प्ला', पडतेच, आणि लफे थोकमध्ये सुक्या कोळंबीचा चुरा असतो. थाई पदार्थ मागवताना 'जे' म्हणावे. या शब्दात अंडे, दूध, कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. बर्मी बाजूला शान तोफू विचारावा. तो सोयाबीनचा नसून हरभऱ्याच्या पिठाचा असतो आणि गरम, पातळ स्वरूपात आला तर पहिल्याच घासाला पिठले आठवते. त्यावर ओतलेल्या सॉसविषयी मात्र स्वतंत्र चौकशी करावी.

थाई 'सोम तम', म्हणजे कुटलेल्या कच्च्या पपईची कोशिंबीर, सांगताना मिरच्यांची संख्या बोटांनी दाखवावी. माझ्या मते पहिल्या खेपेस एक पुरे. टेबलावर साखर, तिखट, मिरचीचे व्हिनेगर आणि नाम प्ला ठेवलेले असते, ते नूडल्समध्ये आपापल्या चवीने घालायचे असते. थाई लोक भात चमच्याने खातात आणि काट्याने तो चमच्यावर ढकलतात, काटा तोंडात घालत नाहीत. बर्मी जेवण उजव्या हाताने खुशाल जेवावे.

बिल मागण्यापूर्वी टेबलावरची बरणी उघडून पाहावी. तीत बहुधा ताडगुळाचे खडे असतात. जेवणावर एखादा तोंडात टाकून वर किटलीतला बिनदुधाचा चहा घ्यावा.