शाळेत टीव्ही आला, वाचन तिथंच राहिलं: या चुका टाळा

गेल्या वर्षी एका द्विशिक्षकी शाळेत गेलो होतो. भिंतीवर ५५ इंची टीव्ही, कडेचं पारदर्शक प्लास्टिक अजून निघालेलं नाही, खालच्या कोपऱ्यात उद्घाटनाच्या दिवशीची हळदकुंकवाची बोटं वाळलेली. रिमोट मागितला. गुरुजी म्हणाले, "कपाटात आहे. चावी बाईंकडे. बाई आज केंद्रावर मीटिंगला गेल्यात." मग चौथीतल्या एका मुलीला म्हटलं, "बाळा, एखादी कविता म्हण." तिनं अख्खी कविता चालीत म्हटली, हातवाऱ्यांसकट. टीव्हीवर शनिवारी लागते म्हणे. पुस्तक उघडून त्याच कवितेची तिसरी ओळ दाखवली आणि म्हटलं, आता ही वाच. ती ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मी बारा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी होतो. डिजिटल शाळा, तंत्रस्नेही शिक्षक, ज्ञानरचनावाद (मुलानं स्वतः करून शिकावं हा विचार), निपुण (पायाभूत वाचन-गणिताचं सरकारी अभियान), सगळ्या लाटा अंगावरून गेल्या. काहींच्या बातम्या मीच छापून आणल्या, त्यामुळे खालच्या चुकांत माझाही वाटा आहे हे आधीच सांगतो. एक ठाम मत मात्र झालंय. यंत्र आल्यानं किंवा न आल्यानं शाळा बदलत नाही. तासातली ४० मिनिटं कोणतं मूल काय करतं, ते बदललं तरच शाळा बदलते. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि गावच्या शाळेला काहीतरी द्यावं असं मनात असलेले माजी विद्यार्थी, या तिघांसाठी हे लिहितोय.

आधी खरेदी, मग विचार

ही सगळ्यांत जुनी चूक. सन २००० मध्ये गुजरात सरकारनं वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या लोकांनी पाहणी केली, तर प्राथमिकच्या पोरांनी ते फारसे वापरलेच नव्हते. काही शाळेपर्यंत पोचले नव्हते. पोचलेले बहुतेक खोक्यातच होते, कारण ते चालवायला कोणी नव्हतं.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. तेच संगणक खोक्यातून काढले, ते चालवणारी माणसं तयार केली आणि चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. पोराला जमेल तसा खेळ अवघड होत जायचा. गणिताचे गुण चांगलेच वाढले. भाषेत फरक पडला नाही, आणि खेळ गणिताचेच असल्यावर तो पडायचा तरी कसा? अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २००७ मध्ये मांडला. त्याच अभ्यासात वडोदरा आणि आपल्या मुंबईच्या महापालिका शाळांतल्या 'बालसखी' होत्या. वस्तीतलीच एखादी तरुण मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस पोरांना बाजूला घेऊन रोज दोन तास वाचन आणि अंक शिकवायची. गुण तिच्यामुळेही वाढले, आणि एकेका रुपयाचा हिशेब मांडला तर ती संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडली. दोन्हींची दुखरी बाजू एकच होती: कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मिळवलेल्यातलं बरंचसं ओसरलं. म्हणजे एका वर्षाच्या निधीवर उड्या मारू नयेत.

म्हणून लोकवर्गणी गोळा करायच्या आधी एक कागद घ्या. दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक पोराला स्वतः वाचायला बसवा. अक्षर येतं? शब्द? चार ओळींचा परिच्छेद? गोष्ट? गणितात अंक ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. 'असर' या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीचे स्वयंसेवक घरोघरी हेच करतात, एका पोराला फार वेळ लागत नाही. तीस पोरांच्या शाळेत दोन दिवसांत काम उरकतं. त्या कागदावर बारा पोरं 'अक्षर'च्या रकान्यात दिसली, तर तुमची गरज टीव्हीची आहे की बालसखीची, हे मला विचारायला येऊ नका.

यंत्र शिक्षकाच्या वेळेत घुसवणं

गुजरातेतच 'ज्ञानशाला' नावाच्या संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन या संशोधकानं एक फार कामाची गोष्ट पाहिली. संगणकाचा कार्यक्रम तोच होता. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळेत, चालू तास कापून दिला. काही ठिकाणी शाळेला जोडून, जादा वेळात. जादा वेळात दिला तिथं फायदा झाला, मागे पडलेल्या पोरांना जास्त. तास कापून दिला तिथं पोरांचं चक्क नुकसान झालं. कारण सरळ आहे: ज्ञानशालेतलं शिकवणं मुळात बरं होतं आणि यंत्रानं तेच बाजूला सारलं.

आपल्याकडे उलटी रीत. बाई माहिती भरत बसल्या की टीव्ही चालू. माहिती भरायच्या लिंक, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), पोषण आहाराचा हिशेब, वरून फोन आला की "अर्ध्या तासात पाठवा". अशा वेळी टीव्ही म्हणजे वर्ग सांभाळणारी मावशी. यात मी बाईंना दोष देत नाही, मीच तो फोन करायचो. पण त्याला डिजिटल शिक्षण म्हणू नये एवढंच. उपाय कंटाळवाणा आहे. वेळापत्रकात टीव्हीचा तास ठरवा, तो परिपाठाआधी किंवा शाळा सुटल्यावर जादा ठेवा, आणि त्या वेळात शिक्षक वर्गात हवेतच. व्हिडिओ दर तीन-चार मिनिटांनी थांबवायचा. थांबवला की पोरांनी बोलायचं, पाटीवर करून दाखवायचं. व्हिडिओ न थांबवता सलग चालला, तर समजा की सिनेमा चाललाय.

चाळीस पोरांना एकच व्हिडिओ

दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर एक अभ्यास झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांचा, २०१९ मध्ये छापून आलेला. शाळा सुटल्यावर केंद्रात यायचं, ४५ मिनिटं संगणकावर, ४५ मिनिटं छोट्या गटात माणसाकडून. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं. माझ्या डोक्यात मात्र त्यातली वेगळीच गोष्ट बसली आहे: सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. वरच्या वर्गांत हे अंतर वाढत जात होतं. म्हणजे गुरुजी सहावीचं पुस्तक कितीही जीव ओतून शिकवोत, निम्म्याअधिक वर्गाच्या डोक्यावरून ते जाणारच. त्या संगणकाचं खरं काम एवढंच, की प्रत्येक पोराला तो त्याच्या पायरीवर उभा करत होता.

भिंतीवरचा टीव्ही हे करू शकत नाही. तो फळ्यासारखाच, सगळ्यांना एकच दाखवतो, फक्त रंगीत. पेन ड्राइव्हमधला इयत्तेनुसार मजकूर तर पुस्तकाचीच चकचकीत आवृत्ती. चार टॅब असतील तर ते पहिल्या बाकावरच्या हुशार पोरांना देऊ नका (पाहुणे आले की आपण हमखास देतो). वरच्या कागदावरच्या 'शब्द' रकान्यातल्या पोरांना द्या, आणि त्यात चौथीच्या टॅबवर दुसरीचं वाचन लावायची लाज धरू नका. हे पालकांना आधी समजावून सांगा, नाहीतर "आमच्या पोराला खालचं का शिकवता" म्हणून समितीच्या सभेत भांडण होईल. माझ्या केंद्रात झालं होतं.

प्रत्येक हाती एक यंत्र आलं की प्रश्न सुटेल, असं वाटत असेल तर पेरूकडे बघा. त्या देशानं खेड्यांतल्या पोरांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांच्या अभ्यासात १५ महिन्यांनंतर गणितात आणि भाषेत फरक सापडला नाही. लॅपटॉप वापरले गेले नाहीत असं नाही, भरपूर वापरले. पण वर्गात काय शिकवायचं, कोणाला, कसं, ते होतं तसंच राहिलं. एडिसननं १९१३ मध्ये सांगितलं होतं की सिनेमामुळे पुस्तकं हद्दपार होतील आणि शाळा दहा वर्षांत पार बदलतील. त्याच्यानंतर रेडिओ, दूरदर्शन, संगणक, टॅब, प्रत्येकाच्या नावानं हेच भाकीत नव्यानं छापलं जातं.

कुमठे पाहून फरशी रंगवणं

ही चूक अस्सल आपली. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी दाखवून दिलं की पहिलीचं पोर काही महिन्यांत वाचू शकतं, गटात बसून, वस्तू हाताळून, एकमेकांना शिकवून. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे गेल्या. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि लाट पसरली.

परत आलेल्या गाड्यांनी काय आणलं? आमच्या केंद्रात पहिल्यांदा ऑइल पेंटचे डबे आले. फरशीवर अंकांची शिडी, बाराखडीचं चक्र, भिंतीला पोरांच्या उंचीचे तळफळे. आठ दिवसांत शाळा देखण्या झाल्या. मग पोरं त्याच रंगवलेल्या फरशीवर रांगेत बसली आणि गुरुजी वरच्या फळ्यावर शिकवू लागले. एका शाळेत तर चप्पल लागून चित्र खराब होतं म्हणून त्यावर सतरंजी अंथरली होती! कुमठ्यात आठवड्याला शिक्षक एकत्र बसून काय बोलतात, पोर अडलं की काय करतात, हे आमच्यातल्या कोणीच लिहून आणलं नव्हतं. फोटो मात्र शंभर होते.

चांगली शाळा बघायला जाल तेव्हा एकच पोर निवडा आणि दिवसभर त्याच्याच मागे बसा. ते किती वेळा बोललं, चुकलं तेव्हा कोणी काय केलं, रिकामं किती वेळ बसलं. परत आल्यावर त्यातली एक सवय उचला. एकच.

बंद पडलंय, आता काय?

यंत्र बंद पडण्याची कारणं तीन-चारच असतात. पहिलं वीजबिल. सादिलची, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाची, रक्कम येते तुटपुंजी आणि उशिरा, टीव्हीनंतर बिल वाढतं, आणि एक दिवस वायरमन येऊन जोडणी तोडून जातो. देणगीदार टीव्ही देतो म्हणाला, तर हात जोडून सांगा: थोडा लहान द्या, उरलेल्या पैशांत तीन वर्षांचं बिल आणि एक इन्व्हर्टर द्या. पाटी लावायला इन्व्हर्टरवरही जागा असते.

दुसरं, ज्या गुरुजींना सगळं येतं त्यांची बदली. पासवर्ड त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो. पासवर्ड, हमीपत्र, दुकानदाराचा नंबर हे सगळं मुख्याध्यापकांच्या साठा नोंदवहीत, टीव्हीच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवा. आणि सहावी-सातवीतल्या दोन पोरींना टीव्ही चालू-बंद करायला शिकवा. आम्ही एके ठिकाणी शिकवलं. गुरुजींना पेन ड्राइव्ह उलटी लागत होती, पोरींना कधीच लागली नाही.

तिसरं, पुस्तक बदललं आणि मजकूर जुनाच राहिला. विकत घेतानाच कागदावर लिहून घ्या की अभ्यासक्रम बदलला तर नवा मजकूर फुकट मिळेल. तोंडी आश्वासनाला किंमत नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि 'दीक्षा' हे सरकारी शिक्षण-ॲप फुकट आहेत, आधी तेच धड वापरा. फक्त घरी वापरायला सांगताना एक लक्षात घ्या: घरातला फोन बाबांच्या खिशात असतो आणि बाबा रात्री आठला येतात. तेव्हा 'घरी व्हिडिओ पाहून या' हा गृहपाठ निम्म्या वर्गापुरताच असतो.

आणि वर्षाअखेरी अहवालात काय लिहायचं? टीव्ही किती तास चालला, किती पाहुणे आले, हे लिहायचंच असेल तर लिहा. पण त्याखाली जूनमधला तो वाचनाचा कागद लावा, आणि शेजारी मार्चमधला. त्या चौथीतल्या मुलीचं नाव दोन्हींवर असू द्या.